जावयांच्या ओळीखाली

सीरियातल्या हमा शहरात माणूस गेला की आधी कागद निघतो. घरातल्या बायका रडत असतात, मय्यताला न्हाऊ घालणारे पाणी तापवत असतात, आणि एखादा पुतण्या किंवा जावई पायात चपला अडकवून अबू लुत्फीच्या छापखान्याकडे निघालेला असतो. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दफन, म्हणजे त्याआधी मशिदीच्या दारावर, गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबांवर नाव लागलेलं हवं. हिरवी चौकट, वर कुराणातली आयत, मधोमध ठळक अक्षरांत गेलेल्याचं नाव आणि खाली नातलगांच्या ओळी. मुलगे, भाऊ, पुतणे, जावई. मुलींची ओळ नसते. मुली जावयांच्या ओळीत आहेत असं धरून चालायचं.

हे कागद जुळवायचं काम मैसून करायची. पस्तिशीची, उंच, जरा पुढे वाकून चालणारी. डोक्याला राखाडी रुमाल, तोच उन्हाळ्यात आणि तोच हिवाळ्यात. तिचा आवाज चढलेला छापखान्यात कुणी ऐकला नव्हता. समोरचा माणूस हुंदके देत नावं सांगत असला तरी ती पडद्याकडे बघत विचारायची, "पुतण्यांत मोठा कोण?" लोकांना आधी हे कोरडं वाटायचं, मग बरं वाटायचं. सगळेच रडत असले की नावांचा क्रम कुणीतरी लक्षात ठेवावाच लागतो.

तिची आत्या, खद्दूज, चारचौघांत म्हणायची, "या पोरीला आज चिमटा काढला तर उद्या ओरडेल."

मैसून होम्सला कॉम्प्युटर शिकायला गेली होती. शिक्षण अर्धं झालं आणि लढाई सुरू झाली, रस्ता बंद झाला, ती घरी आली ती आलीच. त्या वर्षांत आई गेली. धाकटी रुफैदा लग्न करून नवऱ्यापाठोपाठ सीमेपलीकडे तुर्कस्तानात मर्सिनला गेली. भाऊ नाजिह आधीच कुवेतला होता, एका शीतगृहाच्या कंपनीत हिशेबनीस. मागे राहिले वडील, हाज वहीद सरमीनी, आणि मैसून. असं कुणी ठरवलं नव्हतं. सगळे उठून गेल्यावर जे बसलेले असतात ते उरतात, तसं.

पूर्वी लोक तिच्या खुर्चीमागे उभे राहून नावं सांगायचे. मग अर्धं शहर परदेशी गेलं आणि नावं तिकडून येऊ लागली. अबू लुत्फीचा फोन दिवसभर किणकिणायचा. माझ्या चुलत्याचं नाव माझ्यानंतर कसं? आमच्या सासऱ्यांनी दोनदा हज केली, त्यांना हाज न लावता नुसतं वहाबच लिहिलंत? अबू लुत्फी फोन कानापासून लांब धरायचा आणि छताकडे बघायचा. "मरणारा बिचारा एकदा मरतो," तो म्हणायचा, "हे मला रोज मारतात."

मग मैसूनने दोन फोल्डर केले. नावंही तीच ठेवली, 'एक' आणि 'दोन'. 'एक' परदेशातल्यांना उघडा. त्यात कच्चा कागद असायचा. घरच्यांनी आपापसात भांडावं, नावं वरखाली करावीत. सगळ्यांचं एकमत झालं की मैसूनने ती फाइल 'दोन'मध्ये सरकवायची. 'दोन'ला कुलूप नव्हतं, तिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही एवढंच सगळ्यांना सांगितलेलं होतं. आणि 'दोन'वर नजर ठेवायला तिने एक लहानसा प्रोग्राम लिहिला. अबू लुत्फी त्याला राखणदार म्हणायचा.

राखणदाराला काम एवढंच, फोल्डरकडे बघत राहायचं. काही नवं आलं, काही बदललं, की ते प्रिंटरकडे धाडायचं. सुरुवातीला त्याने घोळ घातले. फाइल अजून उतरतच असायची आणि हा अर्धीच उचलायचा. एका भट्टीवाल्याचा कागद नावापाशी तुटून निघाला, खाली नुसतं कोरं. मग तिने त्याला थांबायला शिकवलं. फाइल दिसली की लगेच हात लावायचा नाही. बघायचं, थोडं थांबायचं, परत बघायचं. आकार तेवढाच राहिला असेल तर ती पूर्ण आली असं समजायचं. वीज जाऊन परत आली तर आधी काय होतं आणि आता काय आहे ते ताडून बघायचं. दुःखात माणसं तारखा चुकतात, म्हणून छापताना त्या दिवसाची तारीख त्याने आपणहून घालायची. नंतर तिने त्याला 'एक'कडेही बघायला लावलं, पण तिथे छापायचं नाही. कुणी बदल केला की पडद्याच्या कोपऱ्यात फक्त एक पट्टी दाखवायची, अमुक फाइल बदलली.

प्रिंटरमधून जे बाहेर येईल ते फव्वाज उचलायचा. फव्वाज म्हणजे कागद चिकटवणारा, पन्नाशीचा, बोटांना कायम वाळलेली खळ. त्याचा एक क्रम ठरलेला होता. आधी ज्याच्या घरी मयत आहे त्याचं दार, मग मशीद, मग बाजार. निघालेल्या कागदाला तो प्रश्न विचारत नसे. "मेलेला माणूस थांबतो," तो म्हणायचा, "पण असर थांबत नाही."

हाज वहीदांच्या छातीत पाणी झालं तेव्हा हिवाळा होता. आयुष्यभर त्यांनी तराजू दुरुस्त केले होते. आता ते खिडकीपाशी उशांना टेकून बसायचे आणि गल्लीतल्या भाजीवाल्याने काटा कसा धरलाय ते बघून चिडायचे. मैसून सकाळी त्यांचं सगळं आटपून छापखान्यात जायची, दुपारी येऊन भरवायची, परत जायची. पाय सुजले होते ते ती रोज अंगठ्याने दाबून बघायची. दाबलेला खड्डा भरून यायला किती वेळ लागतो, त्यावरून गोळ्या कमीजास्त.

नाजिहचा शुक्रवारी फोन यायचा. एका शुक्रवारी तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले ना, कधीही? मग कागद करून ठेव. ऐनवेळी घाई नको."

"बरं," मैसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने 'एक'मध्ये फाइल केली. वर आयत, मध्ये हाज वहीद सरमीनी, अबू नाजिह, म्हणजे नाजिहचे वडील. मुलगे: नाजिह. भाऊ, पुतणे. जावई: बस्साम. तिथे तिचा हात थांबला. बस्सामच्या नावात रुफैदा होती. तिने आणखी कुणाचं नाव राहिलंय का म्हणून क्षणभर पाहिलं, जसं ती रोज दुसऱ्यांच्या कागदांवर बघायची. मग जावयांच्या ओळीखाली तिने एक ओळ घातली. मुली: मैसून, रुफैदा. फाइल साठवली आणि दुसरं काम घेतलं.

दुपारी कोपऱ्यात पट्टी आली. वहीद सरमीनी, बदलली. तिने उघडून पाहिलं. ओळ नव्हती.

तिने ती परत घातली.

संध्याकाळी पट्टी आली. ओळ नव्हती.

असं चालत राहिलं. ती घालायची, तो काढायचा. शुक्रवारी दोघं फोनवर बोलायचे. पायांच्या सुजेबद्दल, गोळ्यांबद्दल, जनरेटरवाल्याने वीज किती वेळ दिली याबद्दल. ओळीबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. मैसूनला राग आला होता का, हे तिलाच सांगता आलं नसतं. पट्टी आली की ती फाइल उघडायची, ओळ घालायची, बंद करायची. चहात साखर घालावी तशी.

शेवटी नाजिहच बोलला. "मैसून, एक ओळ जास्त होतेय."

"कुठे?"

"तुला माहितीय कुठे. आपल्यात बायकांची नावं भिंतीवर लावत नाहीत."

"मीच जुळवते नाजिह. कोण लावतं आणि कोण नाही, मला माहितीय."

"सलमियावाले लावतात, त्यांचा पंथ वेगळा. ख्रिश्चन लावतात."

"आपल्या गल्लीमागच्या घरानेही लावलं मागच्या वर्षी."

"मग त्या घरात जन्म घ्यायचा होतास! रुफैदा काही म्हणाली का? तिला काही अडचण नाही."

"तिचा बस्साम आहे ना आत."

"मग तेच सांगतोय मी. वेळेत कुणाला हो म्हणाली असतीस तर तुझाही कुणीतरी असता आत."

मैसून खिडकीतून बघत होती. समोरच्या गच्चीवर एक बाई गालिचा झटकत होती. झटकताना आवाज उशिरा ऐकू येत होता.

"बाबांची औषधाची वेळ झाली," ती म्हणाली. "ठेवते."

त्यानंतर काही दिवस पट्टी आलीच नाही. तिने ओळ घातली होती आणि ती तशीच होती. तिला वाटलं, नाजिहने सोडून दिलं.

त्या आठवड्यात एका सकाळी हाज वहीदांना उलट्या झाल्या. मैसून छापखान्यात गेली नाही. फोन करून अबू लुत्फीला सांगावं तर तिकडे वीज नव्हती आणि त्याचा फोन बंद होता. दुपारी उलट्या थांबल्या. तिने मसूरची आमटी पातळ करून आणली आणि चमच्याने भरवत बसली.

दार वाजलं. एक अनोळखी माणूस, मागे हातगाडीवर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत.

"खुर्च्या कुठे लावू, बाई? गल्लीत की अंगणात?"

"कसल्या खुर्च्या?"

"मातमाच्या. अल्लाह तुम्हाला सबुरी देवो." त्याने दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. चौकटीला ओला हिरवा कागद होता. खळ अजून खाली ओघळत होती.

मैसूनने कागद वाचला. हातात चमचा तसाच. आयत, बाबांचं नाव, आजची तारीख, असरनंतर मोहल्ल्याच्या मशिदीत. मुलगे, भाऊ, पुतणे, जावई. तिथे संपला.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आक्रोश आला. खद्दूजआत्या येत होती, पायात दोन वेगळ्या चपला. "वहीद! अरे माझ्या भावा! मला न सांगता गेलास रे!" ती मैसूनच्या गळ्यात पडली, मग बाजूला झाली, तिचा चेहरा बघितला आणि कळवळून म्हणाली, "रड की गं मेले! आज तरी रड!"

"आत्या, बाबा आत आमटी पिताहेत."

आत्या थांबली. खुर्च्यावाला खुर्ची हातात धरून थांबला.

"कोण ओरडतंय?" आतून हाज वहीदांचा घोगरा आवाज आला. "कोण मेलं?"

आत्या धावत आत गेली आणि भावाच्या पाठीत एक धपका घातला. "तू! तू मेलास! अख्ख्या मोहल्ल्याने वाचलंय!" आणि मग ती खरीखुरी रडायला लागली, आणि मधेच हसायलाही.

हाज वहीदांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी चष्मा मागितला. "आणा इकडे. बघू तरी."

मैसूनने कागद दारावरून सोलून आणला. एक कोपरा फाटला. त्यांनी तो मांडीवर पसरला, बोट ठेवून वाचू लागले. आत्या त्यांच्या खांद्यावरून बघत होती.

"हाज लिहिलंय. बरं केलं. अक्षर ठळक आहे." बोट खाली सरकलं. "पुतण्यांत हा शरीफ वर कसा? लहान आहे तो. नाजिहने लावलंय ना? त्याला कधी कळलंय." बोट आणखी खाली. "बस्साम. हां." मग त्यांनी कागद थोडा लांब धरला, वरपासून खालपर्यंत परत पाहिला, जसं ते तराजूची पारडी रिकामी असताना बघायचे. मैसून आमटीचा वाडगा धरून उभी होती. ती वाट बघत होती. कसली, ते तिला पक्कं माहीत होतं.

"कुणी राहिलं नाही," हाज वहीद म्हणाले. "सगळे आहेत."

"हो बाबा," मैसून म्हणाली.

"मग आता मेलोच आहे तर पथ्य कसलं? उद्या बातर्श कर. वांगी नीट भाज, धुराचा वास यायला हवा. आणि लसूण घाल."

"डॉक्टरांनी मीठ..."

"मेलेल्याला कसला गं डॉक्टर!"

आत्या म्हणाली, "याचं आयुष्य वाढलं बघ. जिवंतपणी ज्याचा कागद लागतो तो आपल्याला सगळ्यांना पोचवून जातो."

फव्वाज धापा टाकत आला तो दाराबाहेरच उभा राहिला, बादली हातात. आत यायची त्याची हिंमत होईना. "आनसे," तो म्हणाला. तो तिला कधी नावाने हाक मारत नसे. शिकलेल्या, बिनलग्नाच्या बाईला म्हणायचा तो शब्द म्हणायचा. "आनसे, वीज आली, राखणदाराने काढला. तुम्ही आला नव्हता. मी म्हटलं, म्हणजे खरंच असणार. मी तर रडत रडत लावले हो. जरा जास्तच लावले."

"किती ठिकाणी?"

"बाजारातही." त्याने मान खाली घातली. "चांगली खळ वापरली. निघत नाहीयेत."

त्यातले बरेचसे त्याने दुसऱ्यांच्या कागदांखाली झाकले. काही तसेच राहिले. पुढे कितीतरी दिवस मैसून भाजीला जाताना दोन ठिकाणी वडिलांच्या निधनाच्या कागदावरून जायची, आणि पिशवीत त्यांच्यासाठी मुळे असायचे.

नाजिहचा फोन संध्याकाळी आला. कुवेतमधल्या कुणीतरी त्याला कागदाचा फोटो पाठवला होता. बाबा जिवंत आहेत असं कळल्यावर तो विमानतळाच्या वाटेवरून परत फिरला होता. आधी त्याने बाबांना फोनवर घ्यायला लावलं, त्यांचा आवाज ऐकला, मग मैसूनला म्हणाला, "हे काय केलंस तू?"

"तू 'दोन'मध्ये टाकलीस फाइल."

"काल रात्री मी एक प्रत बाजूला ठेवली. फक्त ठेवली."

"'दोन'मध्ये जे पडतं ते छापलं जातं. मी तुला सांगितलं होतं."

"मला वाटलं, तिथे तू हात लावणार नाहीस," नाजिह म्हणाला.

तिने विचारलं, तिकिटाचे पैसे परत मिळतील का. तो म्हणाला, बघतो.

अबू लुत्फीने राखणदाराला काढून टाकायचं फर्मान काढलं. मग म्हणाला, काढू नको, आधी विचारायला शिकव. मैसूनने शिकवलं. मग प्रत्येक कागदाला राखणदार विचारायचा, छापू का? आणि अबू लुत्फीला दर वेळी उठून बटण दाबावं लागायचं. "मी याचा चाकर की हा माझा?" काही दिवसांतच त्याने ते बंद करायला लावलं. सगळं पूर्ववत झालं. फक्त नाजिहची ती प्रत मैसूनने 'दोन'मधून काढून 'एक'मध्ये आणून ठेवली. आता तिथे दोन फाइली होत्या, एक तिची, एक त्याची. दोघांनीही पुन्हा कशाला हात लावला नाही.

हाज वहीदांनी बातर्श खाल्लं. हिवाळा काढला. अंगणातल्या बदामाला फुलं आली ती खिडकीतून बघितली. मैसून त्यांचे पाय दाबायची, गोळ्या मोजून द्यायची, त्यांना कुशीवर वळवायची. कधी ते तिचा हात धरून ठेवायचे आणि नाजिहची आठवण काढायचे. तिला त्याचं वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. ती हात तसाच धरू द्यायची, आणि त्यांचा डोळा लागला की हळूच सोडवून घ्यायची.

ते गेले ते सकाळी. ती दूध तापवायला स्वयंपाकघरात गेली होती. परत आली तर खोलीत काहीतरी कमी होतं. ती दाराशीच थांबली. बघितलं. थोडं थांबली. परत बघितलं. मग दुधाचा पेला खिडकीत ठेवला आणि आत्याला फोन केला. नंतर नाजिहला.

नाजिह खूप रडला. रडणं आवरल्यावर म्हणाला, "कागद आहेच. माझा काढ. मी मिळेल त्या विमानाने येतो, पण दफन थांबवू नका."

"बरं."

अबू लुत्फीने सांगितलं, तू घरीच बस, मी बघतो सगळं. तिने रुमाल बांधला, चपला घातल्या. आत्या बायकांच्या खोलीतून बाहेर आली. "कुठे निघालीस? बाप घरात पडलाय आणि तू दुकानात?"

"येते आत्या. असरच्या आत लागायला हवा."

छापखान्यात वीज होती. तिने खुर्ची ओढली. 'एक' उघडला. दोन फाइली. तिने आपली उघडली. शरीफला पुतण्यांमध्ये खाली आणलं, मोठ्याला वर नेलं. बाकी सगळं नीट होतं. जावयांच्या ओळीखाली मुलींची ओळ होती. तिने ती वाचली, तिच्यात काही चूक नव्हती. फाइल 'दोन'मध्ये सरकवली आणि हात मांडीवर ठेवून बसली. राखणदाराने जितकं थांबायचं तितकं थांबून कागद प्रिंटरकडे धाडला.

पहिला कागद फव्वाजने उचलला. तो वाचत गेला आणि खालच्या ओळीशी आला.

"आनसे, ही..."

"हो."

"नाजिह येणार असेल आज-उद्या. भिंतीवर बघेल."

"बघू दे."

"मला विचारलं तर? राखणदाराने चुकून काढला म्हणू? मागच्यासारखा?"

"नाही," मैसून म्हणाली. "मी काढला म्हणा."

फव्वाजने हात विजारीला पुसले. बाकीचे कागद गोळा करून टेबलावर ठोकून सरळ केले. "तुमच्या दारावर आधी लावू?"

"नेहमी लावता तसे लावा."

ती त्याच्या मागून निघाली. मशिदीपाशी पोचेपर्यंत तो तिथला कागद लावून पुढे गेला होता. एक म्हातारा काखेत रोट्यांची पिशवी धरून कागद वाचत होता. ओठ हलत होते. नावापाशी त्याने दुवा पुटपुटली, मग डोळे खाली उतरत गेले, मुलगे, भाऊ, पुतणे, जावई, मुली. कुठल्याच ओळीवर तो थबकला नाही. तोंडावरून हात फिरवला आणि रोट्या सांभाळत चालू लागला. मैसूनला वाटत होतं, आपल्याला काहीतरी वाटेल. ती थोडा वेळ तिथे उभी राहिली. मग घरी गेली.

बायकांची खोली भरली होती. कडू कॉफीचा वास, कुणीतरी कुराण वाचत होतं. आत्याने सरकून जागा केली. मैसून तिच्याशेजारी बसली, पाठ भिंतीला टेकवून. खिशात फोन थरथरत होता. तिने तो थरथरू दिला.

"दारावर वाचलं मी," आत्या हळू आवाजात म्हणाली. "भिंतीवर नाव लावलंस स्वतःचं."

"हो."

मैसून शिव्यांची वाट बघत होती. आत्या कॉफीच्या कपाकडे बघत होती.

"मग माझं का नाही गं?" आत्या म्हणाली. "बहीण आहे ना मी त्याची. भावांची ओळ आहे. मेलेल्या भावाचंसुद्धा नाव घातलंयस, मरहूम लावून. मी इथे बसलेय जिवंत."

सगळ्यांचे क्रम मैसूनला पाठ होते. कोण कुणाचा पुतण्या, कुणी हज केली, कोण आधी जन्मला. इतक्या वेळा तिने मुलींची ओळ घातली होती आणि बहिणींची ओळ तिच्या मनात एकदाही आली नव्हती. ज्या दिवशी कागद चुकून लागला त्या दिवशी आत्या भावाच्या खांद्यावरून तोच कागद वाचत होती. तेव्हाही ती काही म्हणाली नव्हती. आणि बाबा म्हणाले होते, सगळे आहेत.



बाहेर ऊन अजून भिंतीच्या वर होतं. असरला वेळ होता. ती उठली, चपला शोधू लागली. आत्याने तिच्या रुमालाचं टोक धरलं. "आता कुठे?"

"आत्या," मैसून खाली वाकून म्हणाली, "तुझं नाव खद्दूज लिहू की खदीजा?"

आत्याने टोक सोडलं नाही. "खदीजा," ती म्हणाली. "खद्दूज तोच म्हणायचा. त्याचं ऐकून तुम्ही सगळे."